धावणारीचं ताट

"जैन जेवणावर मॅरेथॉन होत नाही." हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता ते कानावर पडलं तरी डोकं तापतं. गंमत अशी, की हे वाक्य बोलणाऱ्यांचे दोन गट आहेत आणि एरवी त्यांचं कशावरच एकमत होत नाही. एक गट व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकांचा. ते म्हणतात, अंडी सुरू करा, सूर्यास्ताचं खूळ सोडा, मग बघू. दुसरा गट आपल्याच घरातल्या, आपल्याच बस्तीतल्या वडीलधाऱ्यांचा. ते म्हणतात, नियम पाळायचे असतील तर ही पळापळ सोडा. एक म्हणतो धर्म सोड, दुसरा म्हणतो धावणं सोड. धावणाऱ्या बाईच्या पोटात काय जातं, किती जातं आणि केव्हा जातं, हे दोघांपैकी एकही विचारत नाही.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. आपल्यातली धावणारी बाई अर्धपोटी राहते ती कंदमूळ सोडल्यामुळे नाही आणि रात्रिभोजनत्यागामुळेही नाही. ती अर्धपोटी राहते घरातल्या वाढण्याच्या क्रमामुळे आणि घराच्या वेळापत्रकामुळे. त्याचं खापर आपण धर्मावर फोडतो, कारण धर्माचं नाव घेतलं की कुणाला उठून स्वयंपाकघरात जावं लागत नाही.

बेळगावात पहाटे वॅक्सिन डेपोकडे किंवा कॅम्पातल्या रस्त्यांवर गेलात तर आपल्या बायका दिसतील. पूर्वी चालायला यायच्या, आता धावतात. कुणी दहा किलोमीटरची तयारी करते, कुणी एकवीसची, आणि एखादी पुरत्या ४२.१९५ किलोमीटरची. मला त्यांचं कौतुक आहे. पण त्यांच्या गप्पा कान देऊन ऐका. गुडघा दुखतोय, केस गळतायत, घेरी येते, पाळी चुकतेय. आणि वर, "वजन मात्र छान उतरलं बघ!"

माझी एक भाची आहे, बत्तीस वर्षांची, शाळेत शिकवते, दोन मुलं आहेत. जानेवारीतल्या मुंबईच्या अर्ध्या मॅरेथॉनसाठी ती तयारी करत होती. नोव्हेंबरात एकदा जिन्यात घेरी येऊन बसली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. पाळी तीन महिने आलेली नव्हती. प्रशिक्षकानं आहाराचा छापील तक्ता हातात ठेवला, त्यात सकाळी चार अंडी. घरी सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते की नाही?" मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, कालपासून काय काय खाल्लंस ते नुसतं सांग.

आदल्या संध्याकाळी सगळ्यांना वाढून झाल्यावर पावणेसहाला एक भाकरी आणि भांड्याच्या तळाला राहिलेली आमटी. भाजी संपली होती. पहाटे पाचला घराबाहेर, चौदा किलोमीटर धावून साडेसहाला परत. मग सगळ्यांचे डबे, मुलांच्या आंघोळी, सासऱ्यांचा नाश्ता. नऊ वाजता शाळेत पोचल्यावर चहा आणि दोन बिस्किटं. म्हणजे सव्वापंधरा तास पोटात काही नाही आणि त्याच्या मध्येच चौदा किलोमीटर. मी विचारलं, सूर्योदयानंतर दोन घटका झाल्यावर का नाही खाल्लंस? म्हणाली, "मावशी, तेव्हा मी पोळ्या लाटत असते. खायला वेळ कुठं असतोय?"

आता सांगा, यात कुठला नियम आडवा आला?

थोडा हिशेब करू. हिशेब आपल्याला नवा नाही, महिन्याचं वाणसामान आपणच आणतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जे कोष्टक दिलं, त्यात पंचावन्न किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी सांगितल्या आहेत. धावताना ढोबळ मानानं दर किलो वजनाला, दर किलोमीटरला एक कॅलरी जळते. म्हणजे याच बाईनं वीस किलोमीटर धावले की ११०० कॅलरी गेल्या. दिवसभराच्या जेवणाचा दोन तृतीयांश भाग एका सकाळीच संपला. प्रथिनांचं तसंच. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तिला ४६ ग्रॅम. लांब अंतर धावणाऱ्याला किलोमागे निदान १.२ ते १.४ ग्रॅम, म्हणजे ६६ ते ७७. आणि कर्बोदकं, म्हणजे भात, भाकरी, गूळ, केळं यांतून मिळणारी ताकद, तास-दीड तासाच्या सरावाच्या दिवसांत किलोमागे सहा ग्रॅम तरी, म्हणजे ३३० ग्रॅम.

हे आपल्या स्वयंपाकघरात मिळत नाही? दोनशे ग्रॅम ज्वारीचं पीठ, शंभर ग्रॅम तांदूळ, पाऊण वाटीच्या आसपास म्हणजे पंचाहत्तर ग्रॅम डाळ किंवा हुलगे, मूठभर शेंगदाणे, अर्धा लिटर दूध, दोन केळी, थोडा गूळ आणि भाकरीवर तूप. एवढ्यात प्रथिनं सत्तर ग्रॅमपर्यंत जातात, कर्बोदकं साडेतीनशेच्या वर आणि कॅलरी तेवीसशेच्या आसपास. लांब धावण्याच्या दिवशी त्यात आणखी एक जेवण घालायचं. यात बटाटा नाही, कांदा नाही, गाजर नाही. भुईमूग जमिनीखाली लागतो, पण ती शेंग आहे, कंद नाही, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. मोड आलेलं कडधान्य चालत नसेल तर बिनमोडाची मटकी शिजवा, प्रथिनं तेवढीच राहतात. द्विदल टाळायचं तर दूध सकाळी घ्या आणि डाळ दुपारी. कारळ्याची चटणी, खपली गव्हाची खीर, नाचणीची आंबील, शेंगाची पोळी, हे सगळं आपल्या घरात आहेच. प्रश्न एवढाच, की ते कुणाच्या ताटात पडतं.

अंड्यांचा धाक घालणाऱ्यांना एक नाव सांगते. स्कॉट ज्युरेक. अमेरिकेतली वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची डोंगरातली शर्यत त्यानं १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं जिंकली. तो मांस, अंडी खात नाही, दूधसुद्धा घेत नाही. कुणी म्हणेल, त्याला बटाटे चालतात. चालतात ना! मग आपल्याला दूध, दही, तूप चालतं. उपासाचं म्हणाल तर इथिओपियाचं बघा. जगातले नावाजलेले लांब पल्ल्याचे धावपटू त्या देशातून येतात आणि तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस असे असतात, की मांस, अंडी, दूध काहीच घ्यायचं नाही. तिथं कुणी धावपटूला देवाधर्माचा उपास आणि धावणं यांतलं एक निवड म्हणत नाही. कुठल्या दिवशी किती धावायचं ते ठरवतात.

दुकानातल्या पावडरीबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या पोरी त्यावर महिन्याचे पैसे उडवतात. व्हे म्हणजे चीज करताना निघालेलं पाणी आटवून, वाळवून केलेली भुकटी. ते चीज काही ठिकाणी वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. शेंगदाणे आणि डाळ "जुनाट" म्हणून बाजूला सारून हे विकत घ्यायचं, वर त्याला शुद्ध शाकाहारी समजायचं. चौकशी तरी करा. धावताना खायच्या जेलमध्येही कधी कधी मध असतो. पुडीवरची बारीक अक्षरं वाचा. तास-दीड तासाच्या पुढे धावणं गेलं तर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात. एक केळं आणि सुपारीएवढे गुळाचे दोन खडे, झाले तीस-पस्तीस. उकळून गाळलेलं पाणी आपल्या बाटलीत, त्यात चिमूटभर मीठ आणि साखर.

आपल्या जेवणात काहीच उणं नाही, असा दावा मी करणार नाही. दोन गोष्टी खरोखर कमी पडतात आणि त्या झाकून ठेवण्यात धर्माचं काही भलं नाही. एक लोह. त्याच २०२० च्या कोष्टकात पुरुषाला १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. म्हणजे घरात जिला सगळ्यांत जास्त लोह लागतं, ती सगळ्यांत शेवटी जेवते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी निघालं. त्यांतल्या बहुतेक कुठं मॅरेथॉन पळत नव्हत्या! धान्य-भाज्यांतलं लोह अंगी कमी लागतं, त्यात आपण जेवणावर चहा घेतो आणि चहा ते आणखी अडवतो. लिंबू, आवळा जेवणाबरोबर आणि चहा तासभरानं, एवढं केलं तरी फरक पडतो. चातुर्मासात पालेभाज्या बंद होतात, तेव्हा हळीव, तीळ, राजगिरा, हुलगे वाढवायला हवेत. ते कुणी वाढवत नाही. भाजी बंद झाली की तिच्या जागी पापड येतो.

दुसरं बी-१२. ते वनस्पतींत नसतं. दुधात असतं, पण जिच्या वाट्याला चहापुरतंच दूध येतं तिला ते पुरत नाही. वर्षातून एकदा तपासा आणि डॉक्टर म्हणाले तर गोळी घ्या. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणून साधी गोळी मागा. गोळी घेतल्यानं धर्म बुडत नाही.

आता वेळेचा प्रश्न. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. त्यात दोन घटका धरल्या तर मुखात काही जायला पावणेआठ होतात. हे जवळजवळ चौदा तास झाले. यकृतात साठवलेली साखर रात्रभरात बरीच उतरलेली असते. अशा पोटी पाच-सहा किलोमीटर सावकाश धावायला हरकत नाही. पंधरा-अठरा किलोमीटर धावणं म्हणजे अंगातलं मांस जाळणं. मग उपाय काय? लांब पल्ला आठवड्यातून एकदाच असतो. तो रविवारी ठेवा, पावणेआठला केळं, दूध, गुळाची पोळी खाऊन साडेआठला निघा आणि साडेदहा-अकराला परत या. बेळगावच्या थंडीत साडेआठचं ऊन काही जाळत नाही.

हे मी सुचवलं तेव्हा भाचीच्या घरात जी शांतता पसरली, ती बघण्यासारखी होती. "रविवारी साडेआठला? मग नाश्त्याचं काय? पाहुणे आले तर?" तेव्हा मला लख्ख कळलं. आपल्या बायका पहाटे पाचला धावतात त्या हवेसाठी नाही. पाच ते साडेसहा ही दिवसातली एकच वेळ अशी, जी घरातल्या कुणालाच नको असते. जे कुणाला नको ते बाईचं. वेळ तशीच, तळाची आमटी तशीच. पुरुष धावत असता तर त्याला आठ वाजता सूर्योदय धरून नाश्ता मिळाला असता आणि सगळ्यांनी कौतुक केलं असतं, "बघा, नियम पाळूनसुद्धा पळतो."

इथं कुणीतरी तपाचा मुद्दा काढणार, हे मला माहीत आहे. "आपल्यात कमी खाणं हे तपच की गं." होय, अनशन आणि अवमौदर्य ही बाह्य तपं तत्त्वार्थसूत्रात सांगितली आहेत. पण अवमौदर्य म्हणजे काय? भूक आहे, समोर अन्नही आहे, तरी स्वतःच्या इच्छेनं चार घास कमी घेणं. जिच्यापर्यंत भांडं येईतो भाजी संपली, तिनं अवमौदर्य केलं नाही. तिला कमी पडलं. या दोन गोष्टींना एकच नाव देणं हा तपाचा अपमान आहे. सोळा कारण भावनांमध्ये शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप असं स्पष्ट म्हटलंय. शक्तीप्रमाणे त्याग, शक्तीप्रमाणे तप. शक्ती किती आहे हे ज्याचं त्यानं पाहायचं. हिमोग्लोबिन ९.२ असलेल्या पोरीची शक्ती सासूनं किंवा शेजारणीनं का ठरवायची?

दशलक्षण पर्वात जिला दहा उपवास करायचे आहेत तिनं ते करावेत, मी नमस्कार करते. फक्त त्या दहा दिवसांत धावू नये, आणि पारण्यानंतरही आठवडाभर हळूहळू सुरुवात करावी. जानेवारीच्या शर्यतीची तयारी सप्टेंबरपासून सुरू होते आणि पर्व भाद्रपदात येतं. ज्या प्रशिक्षकाला या दहा-पंधरा दिवसांची जागा तक्त्यात ठेवता येत नाही, त्याला शिकवायचं कळत नाही एवढाच त्याचा अर्थ. शर्यतीच्या दिवसाची अडचण मात्र खरी आहे. मुंबईची मोठी शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुटते, आणि जानेवारीत तिथं सूर्य उगवायला सव्वासात होतात. रत्नकरंड श्रावकाचारात काळाची मर्यादा घालून घेतलेला तो नियम आणि जन्मभराचा तो यम, असा भेद केलेला आहे. जिनं जन्मभराचं घेतलंय, तिनं दहा किलोमीटरची किंवा उशिरा सुटणारी शर्यत निवडावी. जिनं मर्यादेचं घेतलंय, तिनं मर्यादा आखतानाच त्या दिवसाचा विचार करावा. ते तिचं आणि तिच्या श्रद्धेचं काम. प्रशिक्षकानं त्यात हसू नये आणि घरच्यांनी त्यात दटावू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण पुरुषांच्या सभेत ती कुणी बोलणार नाही. सराव करताना पाळी बंद झाली तर "बरं झालं, कटकट गेली" असं म्हणू नका. खर्चाच्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर आधी तिथं काटकसर करतं, मग हाडांत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या दुखण्याला वेगळं नाव देऊन सगळ्यांना सावध केलं. हाडांना बारीक तडे जातात आणि ते भरून यायला महिने लागतात. आज बत्तिशीत गमावलेलं हाड पन्नाशीनंतर परत मिळत नाही. आमच्या वयाच्या बायकांना विचारा, मनगट मोडणं म्हणजे काय ते.

"पण धावायचंच कशाला? घरकाम हा काय कमी व्यायाम आहे?" असं विचारणाऱ्या आत्त्याबाई प्रत्येक घरात आहेत. घरकाम हा व्यायाम असेल तर तो सगळ्यांनी करावा, मला आनंदच होईल. धावणं हे त्या बाईचं स्वतःचं आहे. ते कुणाच्या उपयोगाचं नाही, म्हणूनच तिला हवं आहे. एवढं कारण पुरे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. महिला मंडळांनी उपवासाचे सत्कार करावेत, पण त्याच मांडवात बायकांच्या रक्ततपासणीचं टेबलही लावावं. घरात जी बाई धावते तिचं ताट लांब सरावाच्या दिवशी पहिलं वाढावं, तेही गरम आणि भरलेलं. तिनं स्वतः वाढून घ्यायचं असेल तर आधी स्वतःला वाढून घ्यावं आणि मग इतरांना हाक मारावी. आठवड्यातला एक दिवस डबे नवऱ्यानं भरावेत. भाकरी येत नसेल तर पोहे करावेत, तेवढं येतंच. आणि हे काहीच जमणार नसेल, तर निदान खरं कारण सांगा. "आमच्या घरात सुनेला पोटभर जेवायला वेळ देत नाही," असं चारचौघांत म्हणा. जिनवाणीच्या आड लपू नका.